बायकोचा अंगठा आणि बादलीभर शिया बटर

हॉस्पिटलातलं हजेरीचं मशीन माझ्या बायकोला ओळखत नाही, हे तिने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. हसायला नको होतं. त्या संध्याकाळी चहा माझा मला करून घ्यावा लागला, आणि मी तो पीत असताना समोर बसून तिने सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून ऐकवली, या खेपेला हसायला कुठेही जागा न ठेवता.

ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांचं रक्त, थुंकी आणि बाटलीत भरून देता येईल ते सगळं तपासायचं, आणि दर बाटलीमागे हात धुवायचे. आधी साबण, मग स्पिरिट, मग हातमोजे, ते काढले की पुन्हा साबण. इतकी वर्षं हे चालल्यामुळे तिच्या हातांना भेगा पडल्या आहेत आणि बोटांवरच्या रेषा जवळजवळ पुसून गेल्या आहेत. एरवी यात कुणाचं काही अडलं नसतं. पण नवे प्रशासन अधिकारी आले आणि त्यांनी सहीचं रजिस्टर बंद करून दारात अंगठ्याचं मशीन बसवलं. काचेवर अंगठा ठेवायचा, की पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि आतली बाई म्हणते, 'आपली हजेरी नोंदवली आहे.' माझ्या बायकोने अंगठा ठेवला की तीच बाई म्हणते, 'कृपया पुन्हा प्रयत्न करा.' आणि ज्या दिवशी नोंद नाही त्या दिवसाची रजा कापायची, असा नियम.

"मी साहेबांसमोर जाऊन उभी राहिले," बायको म्हणाली. "म्हटलं, साहेब, मी आलेय."

"मग?"

"म्हणाले, तुम्ही आलात हे मला दिसतंय. पण नोंद नाही. मशीन खोटं बोलत नाही."

"मग?"

"मग काय मग? दिवसभर उभं राहून काम केलं आणि मी रजेवर होते."

मी विमा कंपनीत दावे तपासतो. माणूस मेलाय की नाही यापेक्षा त्याचे कागद काय म्हणतात हे बघण्यातच माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे साहेबांचं म्हणणं मला मनातून थोडं पटलं. ते मी बोलून दाखवलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

शिवाय ही रजा साधी रजा नव्हती. आमची मुलगी लांबच्या गावी असते. तिचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी प्रवासाला बंदी घातलेली, आणि जावई सकाळी कामाला बाहेर पडतो तो दिवे लागल्यावर घरी येतो. लेकीजवळ जाऊन निवांत राहायचं म्हणून बायको कधीची एकेक रजा साठवत होती. अंगात ताप असताना ती कामावर गेली, भावाच्या घराच्या वास्तूला गेली नाही. आणि आता ते दारातलं मशीन तिची साठवण रोज कुरतडत होतं.

"असंच चाललं ना, तर माझ्याकडे जायला एक दिवससुद्धा उरणार नाही," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. माझी बायको इतकी क्वचित रडते की अशा वेळी काय करायचं याचा मला सरावच नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मी बघतो."

'मी बघतो' हे आमच्या घरातलं फार घातक वाक्य आहे. न्हाणीघराचा नळ मी बघितला होता, तेव्हापासून खालच्या बिऱ्हाडाशी आमचं बोलणं नाही. बायकोने डोळे पुसले आणि ती एकदम सावध झाली.

आधी आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि सांगितलं, "शिया बटर लावा. रोज झोपताना चोळायचं आणि वरून सुती मोजे घालायचे. कातडी मऊ झाली की रेषा येतील वर." एवढं सोपं काम. औषधाच्या दुकानात बोटभर उंचीची एक डबी मिळत होती. ती घेऊन घरी आलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि आमची इमारत आजही गुण्यागोविंदाने नांदत असती.

पण मी डबीमागचं बारीक वाचलं. बारीक अक्षर वाचणं हा माझा धंदा आहे, त्याच्या जोरावर मी भल्याभल्यांचे दावे परत पाठवलेत. डबीत पहिलं पाणी होतं. मग तोंडात न मावणारी तीन नावं, मग सुवास, आणि त्यानंतर कुठेतरी कोपऱ्यात अंग चोरून शिया बटर. मी दुकानदाराला म्हटलं, "हे तर पाणी विकताय तुम्ही." तो म्हणाला, "मी नाही, कंपनी विकते." मी डबी परत ठेवली. बायको म्हणाली, "अहो, घ्या ना ती." मी म्हणालो, "अस्सल आणू."

त्यानंतरचे काही दिवस मी शिया बटरचा अभ्यास केला. आफ्रिकेत त्याची झाडं असतात. बायका त्याच्या बिया गोळा करतात, उकडतात, वाळवतात, भाजतात, कुटतात, आणि पाण्यात हाताने फेसतात, तेव्हा कुठे ते पिवळट लोणी वर येतं. ते हाताला लावतात, टाचांना लावतात, ओठांना, केसांना, तान्ह्या पोरांच्या अंगाला लावतात, आणि त्यातच स्वयंपाकही करतात. हे सगळं मी बायकोला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्या वेळात ती डबी अर्धी संपली असती."

आता आमच्या इमारतीची एक रीत सांगायला हवी. इथे कुणी एकट्याने काही मागवत नाही. एकाने मागवलं की बाकीचे 'माझ्यासाठीही थोडं' म्हणतात, कारण एकत्र मागवलं की बरं पडतं, असा सगळ्यांचा समज आहे. बरं कुणाला पडतं हे अजून कळलेलं नाही. मी जिन्यात सेक्रेटरींना सहज म्हणून बोललो. सेक्रेटरींच्या डोक्यावर मोजके केस आहेत आणि ते त्यांना फार जपतात. त्यांनी विचारलं, "केसांनाही चालतं म्हणता?" मी म्हटलं, "केसांना तर उत्तमच." खरं म्हणजे आहेत त्या केसांना चालतं असं मी वाचलं होतं. नाहीत त्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. पण चारचौघांत माणसाच्या डोक्याबद्दल इतकं नेमकं बोलणं बरं दिसत नाही.

संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. या काकूंना सगळ्यातलं सगळं कळतं. शिया बटरचं नाव त्यांनी त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि संध्याकाळी त्या मला ते कसं वापरायचं हे शिकवत होत्या. "पिवळंच घ्या, पांढरं घेऊ नका. पांढऱ्यात जीव नसतो," त्या म्हणाल्या. "आणि माझ्यासाठी जरा सढळ हाताने मागवा. टाचा आहेत, कोपरं आहेत, आणि केस तर बघताच आहात." एकेक करत सगळा जिना सामील झाला. असं होत होत मी साबण करणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याकडून एक अख्खी बादली मागवली.

बादली आली, पण घरी आली नाही. ती पार्सल तपासणीच्या कार्यालयात अडकली. मी अर्धा दिवस काढून तिथे गेलो. पहिल्या खिडकीतल्या बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "हे खायचं आहे की लावायचं?"

इथे मी 'लावायचं' म्हणायला हवं होतं. पण नुकताच अभ्यास केलेल्या माणसाचं तोंड बंद राहत नाही. मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन्हीपैकी एक सांगा."

"अहो, त्यांच्याकडे बायका यात स्वयंपाक करतात आणि हेच अंगाला लावतात."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच सकाळी असं काहीतरी करून आलोय. म्हणाल्या, "स्वयंपाकाचं असेल तर शेजारची खिडकी."

शेजारच्या खिडकीतले गृहस्थ अन्नपदार्थांचे. त्यांनी बादली मागवून घेतली, झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि पटकन बाहेर काढलं. "हे कुणी खात असेल असं वाटत नाही," ते म्हणाले.

"खातात. मी वाचलंय."

"तुम्ही खाल?"

मागे रांग होती. रांगेतल्या लोकांनी आपापसातलं बोलणं थांबवलं. माझा स्वभाव असा आहे की मला कुणी खोटं पाडलं की माझा तोल जातो. मी बोटाने एक गोळा काढला आणि तोंडात टाकला. मेणबत्ती धुरकट चुलीजवळ ठेवून मग खाल्ली तर जी चव लागेल ती चव होती. गोळा टाळूला चिकटला, तो तिथून हलेना. त्या अवस्थेत मी मानेनेच 'बघा' असं म्हटलं आणि बरबटलेलं बोट मनगटावर पुसलं.

"खाल्लंत हे मान्य," गृहस्थ म्हणाले. "पण हाताला पण लावलंत. मी बघितलं. म्हणजे हे लावायचं आहे. पहिली खिडकी."

पहिल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मी तुम्हाला खाताना बघितलंय."

या दोन खिडक्यांमध्ये मी किती फेऱ्या मारल्या ते विचारू नका. विमा कंपनीत आमच्याकडे येणारी माणसं शेवटी शेवटी अशी का हसतात, हे मला त्या दिवशी कळलं. अखेर कोपऱ्यातल्या तिसऱ्या खिडकीतून एका कंटाळलेल्या माणसाने मला बोलावलं. त्याच्याकडे यंत्रांचे सुटे भाग असायचे आणि त्या दिवशी एकही गिऱ्हाईक आलेलं नव्हतं. त्याने बादलीत पेन खुपसून बघितलं. "घट्ट आहे, चिकट आहे, पिवळं आहे," तो म्हणाला. "वंगण. करा सही." मी सही केली. बायकोच्या हातांसाठी मागवलेलं अस्सल शिया बटर मी यंत्राचं वंगण म्हणून सोडवून आणलं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "बरोबरच आहे की. मशीनसाठीच मागवलंय."

बादली घरात आली आणि झाकण उघडताच इमारतीचा उत्साह मावळला. वासाचं मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. काकू दारातच थांबल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं, पांढरं घ्या म्हणून?" बाकीच्यांना अचानक आठवलं की त्यांच्या घरी कातडीचा कुणालाच काही त्रास नाही. जे काल 'माझ्यासाठी थोडं जास्त' म्हणत होते ते आज जिन्यात माझी चाहूल लागली की चपला हातात घेऊन वर जात होते. उरले फक्त सेक्रेटरी, कारण त्यांना आशा होती, आणि काकू, कारण त्यांना फुकट गेलेलं बघवत नाही.

ते नुसतं लावायला फार घट्ट, म्हणून रविवारी सकाळी मी त्याचं मलम करायला घेतलं. पातेल्यात पातेलं ठेवून वितळवलं, थोडं गोडंतेल घातलं आणि गार व्हायला ओट्यावर ठेवून दिलं. दुपारी बघतो तर त्याचा रवा झालेला. हाताला घासलं तर कातडी मऊ व्हायच्या ऐवजी सोलून निघाली असती. काकू म्हणाल्या, "घाईने गार करायचं असतं, एवढंही कळत नाही?" मी पुन्हा वितळवलं आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. ते झकास जमलं. फक्त त्यानंतर आमच्या फ्रिजमधलं दूध, दही, काकडी आणि लिंबू, सगळ्यांना एकच वास आणि एकच चव आली. मग मी ते बायकोच्या मिक्सरमध्ये फेसायला घातलं. झाकण नीट बसलं नव्हतं की मी बसवलं नव्हतं, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. भिंतीवर उडालेलं पुसून निघालं. छतावरचं मात्र गरम होईल तसं थेंबाथेंबाने खाली येत राहिलं.

"अहो, ती डबी," बायको एवढंच म्हणाली.

सेक्रेटरींनी आपला वाटा नेऊन डोक्याला थापला आणि ते मुरावं म्हणून गॅलरीत उन्हात जाऊन बसले. शिया बटर हातावर विरघळतं, तर उन्हात तापलेल्या टाळूवर काय होईल हे कुणीही सांगितलं असतं, पण त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते कानांमागून, कॉलरमधून, पाठीवरून खाली उतरलं. पुसायला आत जायचं सोडून सेक्रेटरी जिन्यावरून माझ्याकडे भांडायला आले, कठड्याला हात धरून. त्यानंतर त्या कठड्याला धरून कुणी थांबू शकेना. दूधवाला एक मजला न ठरवता उतरला. सेक्रेटरींनी सूचना लावली, 'जिन्यात तेलकट पदार्थ सांडणाऱ्यांवर कारवाई होईल', आणि खाली माझ्या बिऱ्हाडाचा क्रमांक घातला. मी खाली जाऊन लिहिलं की सांडणारे स्वतः सेक्रेटरी आहेत. त्यांनी त्याखाली लिहिलं की पुरवठा कुणी केला. असं करत ती सूचना पार खालपर्यंत भरली.

काकूंचं दुःख वेगळं होतं. त्यांनी मूठभर घेऊन केसांच्या मुळाशी जिरवलं आणि आता ते निघेना. शांपूने नाही, डाळीच्या पिठाने नाही, भांड्याच्या साबणानेही नाही. केस डोक्याला असे चापून बसले की त्या रस्त्याने आल्या तर लोक त्यांना वळून बघत. त्या मला काही बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघून नुसता सुस्कारा टाकत आणि पुढे जात. शिव्या परवडल्या असत्या.

या सगळ्या धामधुमीत जिच्यासाठी घाट घातला तिचे हात मात्र खरोखर सुधारत होते. झोपताना ती मलम चोळून पांढरे मोजे हातात घाली आणि पुस्तकाची पानं मला उलटायला लावी. भेगा भरत आल्या. एके दिवशी तिने अंगठा माझ्यासमोर धरला आणि दिव्याखाली तिरका केला. बारीक बारीक रेषा दिसत होत्या. मला इतका आनंद झाला की मी सेक्रेटरींनाही माफ केलं.

आता एवढ्यावर थांबावं की नाही? पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघताना मी तिला दारात अडवलं. म्हटलं, "जाता जाता अंगठ्याला एक हात अजून लाव. रेषा उठून दिसतील." त्या दिवशी तिची सगळ्यांत आधीची पाळी होती आणि ती घाईत होती. वाद घालण्यापेक्षा लावून घेतलेलं बरं, असा विचार करून तिने अंगठा पुढे केला. मी चांगला जाडसर थर दिला.

दुपारी ऑफिसात तिचा फोन आला. आवाज फार शांत होता. "अहो, जरा हॉस्पिटलात या," ती म्हणाली. "कुणाला काही झालेलं नाही. पण या."

मी पोचलो तेव्हा दारात हीऽ गर्दी. डॉक्टर, नर्सा, एक्स-रेवाले, वॉर्डबॉय, सगळे मशीनभोवती कोंडाळं करून उभे. काय झालं होतं ते मला प्रयोगशाळेतल्या एका पोक्त बाईंनी सांगितलं. सकाळी माझ्या बायकोने अंगठा ठेवला आणि मशीनने तिला पहिल्या झटक्यात ओळखलं. ती खूश होऊन आत गेली. पण तिचा तेलकट ठसा काचेवर जसाच्या तसा चिकटून राहिला. नंतर जो कुणी येऊन बोट ठेवी, मशीन तो ठसाच वाची. पडद्यावर माझ्या बायकोचा फोटो येई आणि आतली बाई म्हणे, 'आपली हजेरी नोंदवली आहे.' घाईत कुणी पडद्याकडे बघितलं नाही. तेवढं वाक्य कानावर पडलं की सगळे आत गेले. दुपारी हिशेब निघाला तेव्हा कळलं की आज हॉस्पिटलात माझी बायको सोडून कुणीही आलेलं नाही. आणि ती येतच राहिली आहे.

प्रशासन अधिकारी मशीनजवळ उभे होते. बारीक चणीचे, इस्त्रीचे गृहस्थ. "असं होऊच शकत नाही," ते म्हणत होते. "तुम्ही लोक बोट नीट ठेवत नाही." आणि कसं ठेवायचं ते दाखवायला त्यांनी आपला अंगठा काचेवर टेकवला. पडद्यावर माझी बायको आली. आतली बाई म्हणाली, 'आपली हजेरी नोंदवली आहे.'

कुणीतरी मागे खोकलं. साहेबांनी अंगठा पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा माझी बायको.

"म्हणजे साहेब," एक्स-रेवाला म्हणाला, "तुमचीही आज रजाच."

मग जो गलका झाला तो विचारू नका. एका दिवसाची रजा कापली जाणार म्हणताच सगळ्यांचं रक्त तापलं. मशीन भिकार आहे, कंपनी चोर आहे, आम्ही काम बंद करू, असं चाललं होतं. माझी बायको भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी होती. तिने आवाज न चढवता बोलायला सुरुवात केली तेव्हा सगळे गप्प झाले, कारण ती हॉस्पिटलात कधी बोलत नाही.

"इतके दिवस हे मशीन माझी एकटीची रजा खात होतं," ती म्हणाली. "रोज याच दारात. तुम्ही सगळे मागे रांगेत उभे असायचात. लवकर आटपा हो, असं म्हणायचात. एकालाही वाटलं नाही की मशीनचं काहीतरी चुकतंय. मला फार वाईट वाटलं त्याचं. आज सांगतेय."

पोक्त बाई जमिनीकडे बघत राहिल्या. साहेब घसा साफ करून म्हणाले की चौकशी समिती नेमू, आणि तोवर रजिस्टर सुरू करू.

परत येताना मी रस्त्यात बायकोला म्हणालो, "काही म्हण, शेवटी काम शिया बटरनेच केलं." मला वाटलं, आता तरी चार शब्द पदरात पडतील.

ती चालता चालता थांबली. "अहो, बिघाड मशीनमध्ये होता," ती म्हणाली. "तुम्ही माझा हात दुरुस्त करत बसलात. तुमचाही विश्वास मशीनवरच." मग माझा चेहरा बघून तिने वर जोडलं, "हात छान झालेत पण."

 

चौकशी समिती बसली, म्हणजे बसायची होती. तिच्यातले एक सभासद परगावी आणि एक परिषदेत. कापलेल्या रजा परत द्यायच्या हे सगळ्यांना मान्य होतं, पण समितीचा अहवाल येईपर्यंत जुन्या रजा ना कापलेल्या ना शिल्लक, अशा मधल्यामध्ये लोंबकळत ठेवल्या गेल्या. बायको रोज विचारी आणि साहेब रोज म्हणत, या आठवड्यात होऊन जाईल. मुलीचे दिवस काही समितीसाठी थांबणार नव्हते. बायकोची झोप उडाली. तिने बॅग भरून दाराशी ठेवली होती आणि रोज सकाळी ती उघडून पुन्हा लावायची.

मुलीचा फोन आला तेव्हा बायको कामावर होती. मी मुलीला समितीचं सगळं समजावून सांगितलं. कोणत्या नियमाखाली रजा अडकली, कोणाची सही राहिली, मी साहेबांना काय पत्र लिहिणार आहे. ती ऐकत होती. मधूनच धाप लागल्यासारखा श्वास घेई.

"बाबा," ती म्हणाली, "ते बटर उरलंय का तुमच्याकडे? पोट इतकं ताणलंय, सारखी खाज सुटते. इथले डॉक्टर म्हणाले लावायला हरकत नाही."

"उरलंय म्हणजे काय, बादली आहे," मी म्हटलं. "आईबरोबर देतो पाठवून."

"आई कधी येईल ते माहीत नाही ना पण." "दिवसभर घरात एकटी असते मी. भीती वाटते हो. बाबा, तुमच्या रजेचं काय झालं?"

"माझ्या?"

"तुमचं मशीन तर तुम्हाला ओळखतं ना?"

माझं मशीन मला ओळखतं. रोज पहिल्या झटक्यात ओळखतं. माझी रजा पडून होती, ढीगभर. एवढे दिवस मी तिच्या आईच्या रजेसाठी काय काय केलं, अभ्यास केला, खिडक्यांपुढे उभा राहिलो, मेणबत्ती खाल्ली, जिन्यात भांडलो. आपण उठून जाऊ शकतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बायकोच्याही आलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

"मला काही येत नाही गं त्यातलं," मी म्हणालो.

"पोळ्या येत नाहीत, माहितीये. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज घेऊन आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते माझ्यासारखेच, बारीक अक्षर वाचणारे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा वर केला आणि पुन्हा वाचला.

"मुलीचं बाळंतपण," ते म्हणाले. "बरं. पण मिसेस जातील ना? त्यात तुमचं काय काम?"

इतक्या वर्षांत त्यांनी विचारलेल्या एखाद्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. मी उभा राहून खरोखर विचार केला.

"ते मला अजून माहीत नाही," मी म्हणालो. "तिने बोलावलंय."